कळण्याच्या भाकरीचा डबा

मी एक स्टीलचा डबा बोलतोय. तीन कप्प्यांचा, वर धरायला दांडी, बाजूला दोन खटके. सुरतेत लिंबायतला राहतो. इतर डबे आपली गोष्ट सांगायला बसले की आधी चकाकी सांगतात, मग आपण किती जणांची भूक भागवली ते सांगतात. मला ते जमायचं नाही. मी मान खाली घालूनच बोलणार आहे, कारण वर्षभराहून जास्त काळ मी एका आईसमोर रोज संध्याकाळी खोटा उभा राहत होतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या दाबयंत्राखाली झाला. त्यातला मला फक्त आवाज आठवतो. कळतं ते भांड्यांच्या दुकानापासूनचं. तिथून कलाबाईने मला उचललं. घ्यायच्या आधी प्रत्येक कप्प्यात हात घालून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाली, "भाकरी मोडल्याशिवाय मावली पाहिजे." मावत नव्हती. तरी तिने मला घेतलं आणि पुढे कायम भाकरीचे चार तुकडे करून माझ्यात ठेवले.

कलाबाईचं घर मूळ खानदेशातलं. नवरा सुकदेव इथे लूमच्या कारखान्यात कापड विणायला आला आणि इथलाच झाला. मी आधी सुकदेवचा डबा होतो. कारखान्यात मशीन थांबत नाही. शेजारचा कारागीर थोडा वेळ दोन्हीकडे लक्ष ठेवायचा आणि तेवढ्यात सुकदेवने जेवून घ्यायचं, अशी तिथली पद्धत. एवढी घाई असूनही तो मांडी घालून बसायचा. बुक्कीने कांदा फोडायचा, घास नीट चावायचा, वरून ताक प्यायचा. आजूबाजूला कापसाची भुरभुर उडत असायची, म्हणून माझं झाकण तो लगेच लावून घ्यायचा. त्याचं पोट दुखल्याचं मी कधी ऐकलं नाही. ज्याचं पोट बरं असतं तो पोटाबद्दल कशाला बोलेल?

माझ्यात काय असायचं ते सांगतो. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची. रंगाला काळपट, चवीला जरा खारट, आणि चावायला दात लागणारी. सोबत अंबाडी नाहीतर मेथी, कधी मटकीची उसळ, वरच्या छोट्या कप्प्यात ठेचा. ताकाची बाटली वेगळी. कलाबाईला आतडी, पचन असले शब्द येत नव्हते. तिच्या आईने जे केलं तेच ती करत होती, आणि ते बरोबर होतं.

पुढे सुकदेवला घराजवळच्या कारखान्यात काम मिळालं. तो दुपारी घरी येऊन जेवायला लागला आणि मी फळीवर पडून राहिलो. मग त्यांच्या मुलीला, धनश्रीला, कापड मार्केटमधल्या एका साडीच्या पेढीत कॉम्प्युटरवर बिलं करायची नोकरी लागली. कलाबाईने मला चिंचेने घासून काढलं. घरातली पहिली मुलगी ऑफिसात बसणार, तिच्यासोबत मी जाणार! माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दुपारी तिथल्या मुली गोल करून बसल्या. कुणाचे थेपले, कुणाची पिवळीधमक खिचडी. धनश्रीने माझं झाकण काढलं. शेजारच्या पूजाने वाकून पाहिलं आणि सहज विचारलं, "आ काळुं काळुं शुं छे?"

त्यात कुचकेपणा नव्हता. मी जवळून ऐकलंय, त्यात नुसतं कुतूहल होतं. पण दोघी-तिघी हसल्या आणि धनश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मम्मीए आजे उतावळमां बनाव्युं," ती म्हणाली. आईने आज घाईत केलंय. घाईत! पहाटे उठून थापलेली भाकरी. तिने दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या पोटातल्या अन्नाची लाज वाटली. आता वाटतं, ती लाजच खरी लाजिरवाणी होती.

दुसऱ्या दिवसापासून ती मला घेऊन जेवायच्या आधीच जिन्याकडे जायची. तिथल्या कचऱ्याच्या पिंपात मला पालथं करायची, नळाखाली विसळायची आणि पिशवीत टाकायची. मग खालच्या गाडीवरून कधी नूडल्स, कधी वडापाव, कधी बटाट्याचा पफ. सोबत थंड पेयाची बाटली. एका हातात मोबाईल, एका हातात घास. ती काय खातेय हे तिचं तिलाही कळत नसावं, कारण चावणं असं काही होतच नव्हतं. भूक लागली की चहा आणि खारी.

पाणी तर ती पीतच नव्हती. त्यालाही कारण होतं. बायकांच्या संडासाची किल्ली शेठच्या गल्ल्यापाशी खिळ्याला टांगलेली असायची. ती मागायची म्हणजे गिऱ्हाइकं, दलाल, हमाल अशा सगळ्या पुरुषांसमोर जाऊन उभं राहायचं. ती मागायचीच नाही. पाणीच प्यायलं नाही तर जावं लागणार नाही, असा तिने साधा उपाय काढला. पोटाने हाक दिली तरी ती दाबून बसून राहायची. माणसं पोटाला गप्प बसवतात आणि त्यांना वाटतं ते समजून घेईल.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी कलाबाई मला उघडायची. मी लख्ख रिकामा. तिचा चेहरा असा खुलायचा की मला दांडी तुटून खाली पडावंसं वाटायचं. शेजारच्या मालतीबाईला ती दारातूनच सांगायची, "खाधी वं माय सगळी! सुरतनी पोर, पन कयन्यानी भाकर सोडत नही." दोन भाकऱ्यांनी पोरीचं भागत नसेल म्हणून तिने तिसरी बांधायला सुरुवात केली. ती तिसरी ती स्वतःच्या वाटची काढायची. हे धनश्रीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी कसा सांगणार? मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने उघडायचं.

हळूहळू धनश्रीला त्रास सुरू झाला. चाळीमागचा संडास चार घरांचा मिळून. सकाळी ती आत गेली की बाहेरून दार वाजायचं, आणि ती तशीच, काही न होता, बाहेर यायची. पोट फुगलेलं, तोंड उतरलेलं. मग दुखायला लागलं. मग एक दिवस रक्त दिसलं. हे ती कुणाला सांगणार? बरेच दिवस तिने सांगितलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला मूळव्याध म्हणजे लोक काय म्हणतील, एवढंच तिच्या डोक्यात. शेवटी एका सकाळी डबा बांधून होत असताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि रक्ताचं सांगितलं.

आणि इथे कलाबाईची चूक झाली. ती चूक तिलाच होऊ शकत होती. तिला वाटलं, आपली भाकरीच पोरीला बाधली. रोज तीन-तीन जाड भाकऱ्या, कोवळ्या आतड्याला कशा सोसतील? तिने कळण्याचं पीठ गोणीत बांधून पलंगाखाली सरकवलं. माझ्यात "हलकं" भरायला लागली. पांढरा पाव, साबुदाण्याची खिचडी, मैद्याच्या पुऱ्या, रात्रीसाठी दुधात बुडवलेला टोस्ट. धनश्रीने ते चवीने खाल्लं. मैत्रिणींच्या गोलात बसून, माझं झाकण सताड उघडं ठेवून. दुखणं मात्र दुप्पट झालं.

मग दवाखाना. धनश्री कामावरूनच आली होती, म्हणून मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होतो. कलाबाई शेजारच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "खाने में क्या लेती है?"

कलाबाईने ताठ बसून उत्तर दिलं. एवढं एक तिला पक्कं ठाऊक होतं. "ज्वार-उडीद की भाकरी, साब. हरी भाजी, छाश. साल भर से रोज. अभी दो महिने से बंद किया, हलका देती हूँ. पहले तो सब खाती थी. डब्बा एकदम खाली आता था."

डबा एकदम खाली. मी पिशवीत होतो म्हणून बरं, नाहीतर कुणाकडे पाहिलं असतं?

डॉक्टरांनी मान वर केली. "इतना अच्छा खाना था, तब से तकलीफ है? इस उमर में? फिर तो अंदर दुर्बीण डालके देखना पड़ेगा. गाँठ-वाँठ तो नहीं, वो देखना पड़ेगा."

गाठ हा शब्द कलाबाईच्या घरात पूर्वी येऊन गेला होता. तिचा भाऊ धुडकू पोटातल्या गाठीनेच गेला. तिचा हात पदराकडे गेला आणि ती डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही, अशी बोलायला लागली, "मन्हा हातनीच चारी वं माय... मीच चारी..." मीच भरवलं, माझ्याच हाताने. तेवढंच पुन्हा पुन्हा.

धनश्रीने पिशवी घट्ट धरली. तिची बोटं मला कापडातून लागत होती. तिला गप्प बसता आलं असतं. दुर्बीण आत जाऊन काही नाही म्हणून बाहेर आली असती आणि तिचं गुपित राहिलं असतं. पण आई स्वतःच्या हातांकडे पाहत होती, आणि ते तिला बघवलं नाही.

"आई, मी खातच नव्हते," ती म्हणाली. "फेकून द्यायचे. नोकरीला लागल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि एकेक गोष्ट विचारली. दुपारी काय खातेस, पाणी किती पितेस, लागली तर जातेस का. ती उत्तरं देत गेली, मान वर न करता. मग ते कलाबाईला म्हणाले की कडक शौचाने त्या जागी चीर पडलीय, त्याचं रक्त आहे. तुमच्या भाकरीने काही केलं नाही, ती पोटात गेलीच नाही. आता पुन्हा तेच सुरू करा, पण एकदम नाही, थोडं थोडं. भाजी, ताक, भरपूर पाणी, घास चावून, जेवण वेळेवर, आणि पोटाने बोलावलं की उठायचं. औषध देतो. महिन्याभरात रक्त थांबलं नाही तर मात्र दुर्बीण.

परतताना रिक्षात, लिंबायत जवळ आल्यावर, कलाबाईने विचारलं, "कोठे टाके तू?"

"कचऱ्याच्या पिंपात."

"गायले तरी टाकती."

निदान गाईला तरी घालायचंस, एवढंच ती बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. धनश्री रडत होती आणि मी तिच्या मांडीवर होतो. माझ्यातून काय काय त्या पिंपात पडलं ते मला एकेक आठवत होतं. अंबाडी. मटकी. ती तिसरी भाकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईने पलंगाखालचं पीठ काढलं, भाकऱ्या थापल्या. पण माझ्यात ठेवल्या गव्हाच्या चपात्या, पांढऱ्या, मऊ, तूप लावून घड्या केलेल्या. आता तिलाच तिच्या भाकरीची लाज वाटत होती. पोरीला चारचौघींत मान खाली घालावी लागू नये, एवढाच तिचा विचार. धनश्रीने झाकण काढून पाहिलं. चपात्या काढून ताटात ठेवल्या, तव्यावरून एक भाकरी उचलली, तिचे चार तुकडे केले आणि स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवले. कलाबाई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी गोल बसला. धनश्रीच्या हातून खटका दोनदा निसटला. झाकण उघडलं. मीही अंग चोरून बसलो होतो. पूजा मोबाईलवर काहीतरी बघत होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कुणीच पाहिलं नाही. ज्या एका नजरेसाठी वर्षभर अन्न कचऱ्यात गेलं, ती नजर तिथे नव्हतीच. मला वाटतं, धनश्रीला त्या दिवसाइतकी शरम कधीच वाटली नसेल.

किल्ली मागायला गेली तेव्हा मात्र गल्ल्यापाशी बसलेल्या माणसांनी पाहिलं. ते पाहतातच. ती किल्ली घेऊन गेली आणि परत येऊन खिळ्याला टांगली.

तुम्हाला मी हात जोडले असते, पण मला एकच दांडी आहे. तरी सांगतो. संध्याकाळी डबा रिकामा आला म्हणून लगेच हरखून जाऊ नका. "संपवलास ना?" एवढंच विचारलं तर मुलं हो म्हणतात. कुठे बसून खाल्लंस, कुणासोबत, पाणी प्यायलीस का, तिथे जायला नीट जागा आहे का, हे विचारा. आणि तुम्ही ज्यांच्या घरून डबा येतो ते असाल, तर उरलेलं परत आणा. आणायला लाजू नका.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्यात दीड तुकडा उरला होता. इतके दिवस सुटलेली सवय, तिच्या जबड्याला आणि पोटाला अडीचच तुकडे झेपले. कलाबाईने मला उघडलं. त्या तुकड्यांकडे ती पाहत राहिली.

"एवढीच गेली गं," धनश्री म्हणाली.

कलाबाईने ते तुकडे ताटलीत घेतले, वर ताक ओतलं आणि तिथेच खाली बसून खाल्ले. हात धुताना उद्याचं म्हणाली, "सकाय अर्धीच बांधसू. पन ती खाजो."