हेल्मेटातली हवा

गाडी सत्तरच्या स्पीडलोक काही नाई. पंच्याहत्तरवर सुरू होते. आन् ऐंशीच्या वर गेलं का असं वाटे, मांगं कोणीतरी बसलं हाय आन् दोन्ही हातानं हेल्मेट धरून गदगदा हलवून राह्यलं. मांगं तं कोणीच नाई. मांगच्या सीटले पाठ टेकवाले गादी लावून घेतली होती, तीबी रिकामी.

मी बाबाराव. राह्यतो नालवाडीले, ड्युटी समुद्रपूरले. रोज सकाळी वर्धा, हिंगणघाट, जाम करत जातो. बसनं काऊन नाई जात, हे ऑफिसातल्या साऱ्यायनं विचारून झालं. अबे, गाडी माही, पेट्रोल माहं, तुमच्या पोटात काऊन दुखते? ही टुरिंगची मोठी गाडी घेतली तवा तं म्हणत, बाबाराव म्हातारपणी पागल झाला. झाला तं झाला. पन गाडी मी एकट्यासाठी घेतली नवती. रिटायर झालो का मी आन् माही बायको पौर्णिमा, दोघं गाडीनं बोधगयेले जाणार होतो. मांगची गादी तिनंच पसंत केलती. एक डाव नागपूरले दीक्षाभूमीवर जाऊन आलो. घरी उतरली आन् म्हणे, कंबर बिलकूल नाई दुखली हो. लय खुश होती त्या दिवशी.

मंग मयुरीची डिलिव्हरी आली. मयुरी आमची लेक, पुण्याले नोकरी करते, जावईबी तिथंच. पौर्णिमा सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. जातानी फ्रिजमंधी दोन दिवसाची भाजी करून ठेवलती. नातू सम्यक आता दौडून राह्यला, बोलून राह्यला, आन् पौर्णिमा अजून तिथंच हाय. भांडण नाई, तंटा नाई. लोकायले सांगाले बरं पडते, नातवाजोळ हाय म्हणून. पन संध्याकाळी कुलूपबी मलेच खोलावं लागते आन् आतला लाइटबी मलेच लावावा लागते. मी भाजी शिकलो, पोळी शिकलो. एका माणसाचं वरण मातर आजलोक जमलं नाई, दरवेळी दोघांचंच होते.

मयुरी म्हणते, बाबा, तुमीच या न इकडं. दोनदा गेलो. चौदाव्या माळ्यावर घर, दोन खोल्या. मले हॉलमंधी झोपवलं. नवराबायकोनं बोलावं तं कुठं? आन् दिवसभर मी काय करू तिथं, गॅलरीतले कबुतरं हाकलू?

फोनवर बोला म्हणाल, तं रात्री तिकडचा फोन स्पीकरवर रायते. सम्यक तो हिसकते, जावई मांगून ‘जयभीम बाबा’ म्हणते, मयुरी जेवले का विचारते. त्या बाजारात आपल्या बायकोले ‘परत ये’ कसं म्हणावं? लाज नावाची गोष्ट हाय का नाई! तिले एकटेपण भेटे फक्त सकाळी. लेक-जावई ऑफिसले गेले, सम्यक आंघोळ करून झोपला, का ती गॅलरीत कपडे वाळू घाले. नेमका तवाच मी गाडीवर. म्हणून हेल्मेटमंधी ब्लूटूथचा माइक बसवून घेतला.

गाडी उभी करून काऊन नाई बोललो? केलती बाप्पा, एक डाव तेबी करून पाह्यलं. रोडच्या कडेले उभा राह्यलो आन् तोंडातून शब्दच निघे नाई. ती म्हणे, काय म्हणता? मी म्हणे, काई नाई, पोळ्या झाल्या का? चालत्या गाडीवर नजर रोडवर रायते, समोर पाहून माणसाले मनातलं बोलता येते. माह्यासारख्याले तं तसंच येते.

पन चालत्या गाडीवर ही हवा! हेल्मेटमंधी असा धडधड आवाज करे का तिचं आर्धं मले ऐकू ये नाई आन् माहं तं काहीच तिले नाई. ती बोलत जाय, मी ‘हाव, हाव’ करत राहो. मी काही म्हटलं का ती म्हणे, “आवाज नाई येऊन राह्यला हो तुमचा! ठेवते, कपडे राह्यले!” हिंगणघाट ते जाम ‘परत ये’ म्हणून मी किती डाव ओरडलो असन. ट्रकवाल्यायनं ऐकलं असन, तिनं नाई ऐकलं.

तवा ठरवलं, काहीबी होवो, ही हवा बंद करायची. शांत आवाजात, एकच डाव, तिले नीट ऐकू जाईन असं म्हणायचं. मंग ती काय म्हणन ते म्हणन.

नालवाडीतच प्रफुल्लचं गॅरेज हाय. त्याले सांगतलं. प्रफुल्लले इचार करायची सवय नाई, तो डायरेक्ट पाना उचलते. म्हणे, “काका, हवा रोकाची तं काच मोठी पाहिजे. सीधी गोष्ट हाय.” समोरची छोटी काच काढली आन् हातभर उंच काच बसवली. दुसऱ्या दिवशी गाडी हायवेले लागली आन् मले कळलं, रोगापेक्षा इलाज भयंकर. पह्यले हवा कपाळावर मारे, आता कानामांगं ढोल वाजे. मान आखडली, डोकं ठणके. ऑफिसात पोचलो तवा शिपाई पाणी घेऊन आला, का साहेबाले काय झालं म्हणून.

“अबे बह्याडा,” म्या प्रफुल्लले म्हटलं, “तुले हवा रोक म्हटलं होतं, गोळा करून माह्या कानात भर नाई म्हटलं.”

“मंग काका, हेल्मेट चांगलं घ्या.”

हेल्मेट घेतलं. ढोल तसाच, फक्त महागड्या हेल्मेटमंधी वाजे. त्या आठवड्यात पौर्णिमा रोज काहीतरी भल्ली उत्साहानं सांगत होती, एवढंच समजे. मी हाव, हाव.

खरी गोष्ट मले पुलावर समजली. एका सकाळी पाठ भरून आली म्हणून चालत्या गाडीवर पायावर जोर देऊन जरासा उभा झालो. आन् धडधड बंद! हवा छातीवर लागे, जोरात लागे, पन सरळ. हेल्मेट हाले नाई. खाली बसलो, पुन्हा ढोल. मंग टाकीवर वाकलो, हनुवटी टेकवली, तं पुन्हा सारं चूप. म्हणजे वरबी शांतता, खालीबी शांतता, आन् मधात जिथं माहं डोकं, नेमका तिथंच धिंगाणा.

तवा लहानपणीचा पाट आठवला. वाहत्या पाण्यात गोटा ठेवला का पाणी त्याच्यावरून जाते आन् मांगं भोवरा होते. गोट्यामांगं जागा खाली रायते, पाणी ती भराले वापस वळते. काचेचं तेच होतं. काचेच्या काठावरून हवा फुटे, काचेमांगं खाली जागा, आन् तिथं जाता जाता ती माह्या डोकशात घुसे. हवेले रोकलं तं ती मांगून येते. तिले थोडी वाट द्या लागते.

प्रफुल्लले पटे नाई. “काका, हवा रोकाले काच लावली आन् तिलेच आत सोडायचं?” म्हटलं, तू पाना धर, दिमाग मी लावतो. उंच काच काढून जुनीच बसवली. तिच्या खालच्या बोल्टात मोठाले वायसर टाकले, म्हणजे काचेखालून बोटभर फटीतून हवा आत येईन आन् ती खाली जागा भरन. वरच्या काठावर जुन्या हेल्मेटच्या काचेची पट्टी लावली, जराशी वर वळवून, म्हणजे वरची हवा डोक्यावरून निघून जाईन. पह्यल्या दिवशी पट्टी जास्त वर झाली, दुसऱ्या दिवशी कमी. मी जाऊन येवो, प्रफुल्ल बोल्ट ढिले करे, पुन्हा कसे, आन् मनातल्या मनात मले शिव्या दे. शेवटी गळ्याभोवती दुपट्टा घट्ट बांधला, तं हेल्मेटखालून शिरणारी हवाबी थांबली.

सोमवारी निघालो. हिंगणघाट मांगं पडलं. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी. हेल्मेट जागचं हाललं नाई. इंजिनचा आवाज आला, चाकाचा आला. इतक्या दिवसात मले माहा सोताचा श्वास पह्यल्या डाव ऐकू आला. आन् फोन वाजला.

“निघाले का हो?” इतकं साफ, जशी मांगच्या सीटवरूनच बोलली. कपड्याचा चिमटा लावला त्याचाबी टक् आवाज आला.

“निघालो. तू सांग.”

आन् ती सांगाले लागली. खालच्या माळ्यावरच्या कमलाबाई आन् ती, दोघी मिळून सोसायटीतले लहान लेकरं सांभाळतात. आता तं सोसायटीचा हॉलबी भेटला. सारे लेकरं तिले पौर्णिमाआजी म्हणतात. एक पोट्टं तिच्या हातानंच जेवते, मायच्या हातानं नाई.

“कोणते लेकरं? कवापासून?” म्या इचारलं.

“अहो, असं काय करता? उन्हाळ्यातच तं सांगतलं होतं तुमाले. करू का म्हणून इचारलं होतं. मले किती भेव वाटत होतं, तुमी रागवान म्हणून. तुमी म्हटलं, हाव, हाव. दोनदा इचारलं, तं दोन्ही डाव हाव. रडू आलं हो मले त्या दिवशी. जिंदगीत पह्यल्या डाव कोणी मले एवढ्या लवकर हाव म्हटलं.”

ती पुढं सांगत गेली आन् सांगता सांगता हसाले लागली. पोट धरून हसावं असं हसू. नालवाडीच्या घरात तिचं असं हसू म्या ऐकलं नवतं. कदाचित तिथं असं हसू आलंच नसन.

तरीबी म्या म्हटलं. एवढे दिवस ज्याच्यासाठी काच काढली, लावली, ते म्हटलं. ओरडलो नाई.

“पौर्णिमा, परत ये. मले एकट्याले करमत नाई व. आपल्याले गयेले जायचं हाय न.”

तिकडं चिमट्याचा आवाज थांबला. कबुतर गुटरगू करून राह्यलं होतं. कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू झाला आन् बंद झाला. तिचा श्वास आत गेला, तेबी ऐकू आलं.

“हॅलो?” ती म्हणे. “आवाज नाई येऊन राह्यला हो तुमचा.”

ज्याले ऐकू येत नाई, तो माणूस जोरानं बोलते. दोन वर्ष ती गॅलरीतून ओरडतच आली. हे मातर ती एकदम हळू बोलली.

मी ऐंशीवर होतो. रोड सरळ होता. म्या डावा हात उचलला आन् हेल्मेटची काच वर केली. सारी हवा भसकन तोंडावर आली, माइकमंधी गेली, कानात गेली.

“हाव!” मी ओरडलो. “आज हवा लय हाय!”

“हाव न!” आता ती मोठ्यानं बोलली, एकदम मोकळ्या आवाजात. “हवाच हवा येऊन राह्यली नुसती! जपून जा हो! ठेवते!”

आताबी रोज सकाळी तिचा फोन येते. ती लेकरायचं सांगते तवा मी काच खाली ठेवतो आन् सारं नीट ऐकतो. आता मले त्या साऱ्यायचे नावं पाठ झाले. आन् माहं ते जिभेवर आलं का, काच वर करतो.