माझ्या घोरण्याची कीर्ती

मी पग बोलतोय. चपट्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा कुत्रा. देवाने माझं नाक करायला घेतलं आणि मध्येच तो जेवायला उठला असावा.

आम्ही चार भावंडं. त्यांत सर्वांत चपटं तोंड माझं, म्हणून सर्वांत आधी मीच पसंत पडलो. ज्या खोटीवर माणसं भाळली, तीच पुढे जिवावर उठणार होती. पण तेव्हा मी भाव खाण्यात दंग होतो.

घरात आजोबा, त्यांची सून आणि नात. मला सगळे लाडोबा म्हणतात. दुपारी आजोबांच्या खाटेखाली पडलो की मी असा सूर लावायचो की यंव रे यंव! पाहुणे आले की आजोबा ओठांवर बोट ठेवायचे. "शू! ऐका, ऐका. याला म्हणतात सुखाची झोप!"

पाहुणे हसायचे, मला बिस्कीट मिळायचं. आपण मोठे गवई आहोत अशी माझी खात्रीच झाली. आजोबा चोरून खाऊ द्यायचे, नात चोरून द्यायची, आणि सूनबाई दोघांना रागावून मग स्वतः द्यायच्या. मी कुणाचंच मन मोडलं नाही. पोट मात्र जमिनीला टेकू लागलं.

एका रणरणत्या दुपारी नातीने अंगणात चेंडू फेकला. दोनदा मी तो आणला. तिसऱ्यांदा चेंडू राहिला बाजूला, मीच आडवा झालो. छाती भात्यासारखी चालली होती, पण हवा आत येईना.

"आई, लाडोबाची जीभ बघ, निळी पडलीय!" नात किंचाळली.

सूनबाईंनी माझ्यावर पाणी ओतलं, मला उचललं आणि दवाखाना गाठला. मी फार घाबरलो होतो. त्या वाटेवर मला एकदाही बिस्कीट आठवलं नाही, यावरून काय ते समजा.

डॉक्टरीणबाईंनी प्राणवायू लावला, तसा मी सावरलो. मागोमाग आलेले आजोबा सवयीने म्हणाले, "एरवी ठणठणीत आहे हो. छान घोरतो."

"आजोबा, या नाकपुड्या बघा. नुसत्या चिरा आहेत. हा रोज श्वासासाठी झगडत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबांनी वाकून माझं नाक पाहिलं. "आणि आम्ही पाहुण्यांना ऐकवत होतो," ते म्हणाले.

ऑपरेशन करून नाकपुड्या मोठ्या केल्या. गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा आला. फिरणं ऊन चढायच्या आत. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करतात, नाहीतर तिथे चिघळतं. बिस्किटं बंद, त्याऐवजी गाजराचा तुकडा. गवयाचा पार ससा झाला!

आता दुपारी माझा आवाज येत नाही. पहिल्या दिवशी आजोबांनी घाबरून मला गदागदा हलवलं.

"बाबा, झोपू द्या ना त्याला," सूनबाई म्हणाल्या.

"अगं, आवाज नाही तर कळणार कसं?"

मंडळी, तुमच्याकडे माझा एखादा जातभाई घोरत असेल, तर कौतुक आवरा आणि त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा. आम्हाला बोलता येत नाही, आणि हसणाऱ्यांपुढे रडताही येत नाही.

आजोबा हल्ली खाली गादी घालतात आणि माझ्या पोटावर हात ठेवतात. पोट वरखाली होतंय असं कळलं की त्यांना झोप लागते. मग स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला तरी मी जागचा हलत नाही. माझ्यासारख्या खादाडाकडून याहून मोठं प्रेम कुणी मागू नये.