माझ्यावर संशय घ्या

मित्रांनो, मी बर्फात गाडल्या गेलेल्यांना शोधायचं एक जुनं यंत्र आहे आणि माझी पहिलीच विनंती ही की, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी स्वतः कोणावरच ठेवत नाही.

आल्प्सच्या पायथ्याशी एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तर त्याच्या छातीवरून मी सतत हाक देतो आणि सोबत्यांची यंत्रं त्या हाकेच्या मागानं येतात. माझा खटका 'हाक'वर असला की मी बोलतो, 'शोध'वर असला की नुसता ऐकतो. दोन्ही एकदम मला जमत नाही. बॅटरी, ओलावा, खिशातला मोबाइल, सगळ्यांचाच मला संशय येतो. सर्वांत जास्त माणसांचा.

माझा मालक कोरबिनियान हा टायरॉलमधला जुना वाटाड्या. गावात त्याला मान होता आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. चढण्याआधी तो मला 'शोध'वर ठेवून वाटेत उभा राही. बाकीचे एकेक करून समोरून जात. प्रत्येकाची हाक ऐकू आली की तो मान हलवी. मग मला परत 'हाक'वर आणायचं, हे त्याला पाठच होतं. म्हणूनच मला भीती वाटे. पाठ झालेलं काम करताना माणूस बघत नाही.

त्या फेब्रुवारीत सोबत त्याचा मुलगा वेंडेलिन आणि सून रॉस्विटा होते. तपासणी झाली. तेवढ्यात वेंडेलिनच्या स्कीचा पट्टा निसटला. कोरबिनियान त्याच्यावर खेकसला आणि मला तसंच जाकिटाखाली ढकलून निघाला. मी 'शोध'वरच! जीव तोडून ओरडावंसं वाटलं, पण त्या खटक्यावर मी मुका.

रॉस्विटाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बाबा, थांबा. आता तुम्ही माझ्यासमोरून जा."

"अगं सूनबाई, तू रांगत होतीस तेव्हापासून मी लोकांना तपासतोय."

"आणि तुम्हाला कोण तपासतं?"

"देव!"

"आज त्याला सुट्टी द्या. या इकडून."

"जा हो बाबा," वेंडेलिन म्हणाला, "नाहीतर ही इथंच मुक्काम ठोकेल."

तिनं आपलं यंत्र 'शोध'वर घेतलं आणि तो फणफणत तिच्यासमोरून गेला. तिच्या हातातलं यंत्र गप्पच.

"तुझंच बिघडलंय!"

तिनं यंत्र वेंडेलिनजवळ नेलं, तसं ते लगेच बोललं. "मग वेंडेलिनचं बरं ऐकू येतंय?"

कोरबिनियाननं मला बाहेर काढलं. खटका पाहून त्याचे कान लाल झाले. त्यानं तो फिरवला. तिनंही आपला खटका त्याला दाखवून 'हाक'वर आणला.

दुपारी उतारावरचं बर्फ फुटलं आणि पुढे असलेला कोरबिनियान गाडला गेला. मी हाक देत राहिलो. कोणी ऐकतंय की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. त्याच्या छातीचे ठोके मंदावले, तेव्हा मी घाबरलो, खरंच घाबरलो. मग एक लांब सळई त्याच्या खांद्याला टोचली. फावड्यांचा आवाज जवळ आला.

तोंडावरचं बर्फ निघालं. वर उतारावर अजून निम्मं बर्फ लटकत होतं, कधीही कोसळेल असं. रॉस्विटा ढसाढसा रडत होती. निळ्या ओठांतून कोरबिनियानचा आवाज कसाबसा फुटला.

"सूनबाई, तुझा खटका... परत 'हाक'वर आणलास का?"

तिनं पाहिलं. नव्हता आणला; मला शोधताना फिरवलेला, तो अजून 'शोध'वरच होता.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्या माणसाला वाटेत अडवून विचारत जा. तो रागावेल. रागावू दे.