डावीकडचा नट

लोहाऱ्यातला एकही मिस्त्री आमच्या जुन्या गाडीला हात लावीना. आमचे अण्णा, माझे वडील, तिच्यातच गेले होते. खड्ड्यात आपटून पुढच्या डाव्या चाकाचा लोखंडी आर्म तुटला होता. म्हणून दोन्ही आर्म आणि शॉकअप मीच अंगणात बदलले. आई उंबऱ्यात बसून धुसफुसत होती, "इकून टाक म्हणलं तर ऐकत न्हाय."

जॅक काढून हात धुवायला वळलो, तर मागं करकरलं. गाडीची उजवी बाजू खाली दबली, वर आली आणि थांबली. माझ्या हातातला साबण पडला. माझं काम झालं की अण्णा असंच तपासायचे. मडगार्डवर दोन्ही तळवे टेकून आधी उजवीकडं दाबायचे, मग डावीकडं. माझ्यावर भरवसा कधीच नव्हता.

आता डावी बाजू दबली. वर आली, परत दबली. थांबेचना.

"गेल्यावर बी माझ्याच चुका काढा!" मी ओरडलो आणि पाना घेऊन डाव्या चाकामागं हात घातला.

आर्मचा नट नुसता हातानं फिरवून ठेवलेला होता. मी तो करकचून आवळला.

गाडी थांबली. आईनं पदर सावरला आणि उंबऱ्यातून बाजूला सरकली, एका माणसाला आत जाता येईल एवढी.