पुढच्या चाकाचा लिव्हर

टेबलावर वाकलेलं पुढचं चाक एक. चाक आवळायचा, टोकाला खरचटलेला लिव्हर एक. ताईचा हातमोजा एकच. दुसरा दवाखान्यात कापून काढावा लागला होता. चहाचे कप तीन, त्यांतल्या एकात साय धरलेल्या चहावर ग्रीसचा रंगीत तवंग. आणि टेबलाच्या कडेला, खालच्या बाजूने चिकटवलेले च्युइंग गमचे गोळे. पाहून मोजले तेव्हा चौदा भरले. पंधरावा बोटाला लागला. तो अजून मऊ होता.

मी बोट पँटला पुसलं, आणि मग पँटचीच किळस वाटायला लागली.

दुकान भावोजींचं. डोंगराच्या पायथ्याशी ते माउंटन बाइक भाड्याने देतात, आणि दर रविवारी माझी ताई गिऱ्हाइकांचा गट घेऊन वरून खाली येते. दुकान भावोजींच्या नावावर असलं तरी माणसं येतात ती ताईच्या मागे सायकल हाणायला. काल ती एकटीच वाट तपासून यायला गेली होती. उतारावर पुढचं चाक एकाएकी अडकलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. हनुवटीला टाके पडले, दोन्ही तळहात सोलून निघाले.

भावोजींनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. "पुढचा ब्रेक करकचून दाबलास. शिकाऊ करतात तेच. रविवारी गट मी नेतो, तू आता काउंटर सांभाळ."

"ब्रेक दाबलाच नव्हता मी," ताई म्हणाली. टाक्यांमुळे ती ओठ न हलवता बोलत होती.

"घाबरल्यावर कळतं होय, काय दाबलं ते?"

हे ते दिवसभर येईल त्याला ऐकवत राहिले. संध्याकाळी ताई मला म्हणाली, "दाबला असेन गं कदाचित." तिचं पडणं मी सहन केलं होतं, पण हे वाक्य सहन होईना. म्हणून आज मी दुकानात येऊन ते चाक उलटंपालटं करत बसले होते.

डिस्क ब्रेकची ती पातळ, भोकाभोकांची चकती मधोमध वाकली होती. एका भोकाच्या कडेला तपकिरी डाग दिसला. तेल असेल म्हणून नखाने खरवडला, तर त्याची तार निघाली. नाकाशी नेला. जळकी साखर आणि पुदिना.

"भावोजी, डिस्कला च्युइंग गम कसा लागला?"

"रस्त्यावरचा असेल. लोक थुंकतात कुठेही. शिस्त म्हणून नाही कोणाला." हे ते चघळत चघळत म्हणाले. मध्येच तोंडातला गोळा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. तो जातानाचा आवाजही मला ऐकू आला.

रस्त्यावरचा गम टायरला लागेल. चाकाच्या मधोमध असलेल्या डिस्कपर्यंत तो चढेल कसा? मी उठून रांगेतल्या सायकली पाहायला गेले.

भावोजींना या रांगेचा फार अभिमान. दारासमोर आठ सायकली. प्रत्येकीचं चाक ज्या लिव्हरने आवळतात तो डावीकडे, टोक मागे, आणि आठही अगदी एका तिरक्या रेषेत. लिव्हर बंद केल्यावर त्याचं टोक भलतीकडे आलं, तर भावोजी पलीकडच्या टोकाचा नट थोडा सैल करतात आणि टोक रांगेत आणतात. दिसायला झकास. पण आवळलेलं सैल होतं त्याचं काय? मी लिव्हर एकेक करून बोटाने हलवले. तीन लगेच डुगडुगले. त्या तिन्हींच्या आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये काहीतरी करडं दाबून बसवलेलं होतं.

एकावर दाढेचा ठसा स्पष्ट होता. दुसऱ्यात मिशीचा केस.

"हे काय आहे?"

"खडखडतात गं मेले. गिऱ्हाईक कटकट करतं. एवढंसं लावलं की गप्प बसतात."

"थुंकी लावून सायकल दुरुस्त करता तुम्ही?"

"मेहुणीबाई, तुमच्या प्रयोगशाळेत चांदीचा चिमटा असेल. इथे असंच चालतं."

"ताईच्या सायकललाही लावला होतात?"

भावोजी चघळायचे थांबले.

"आणि पुढचा लिव्हर डावीकडेच का?"

"का म्हणजे? चेन उजवीकडे, लिव्हर डावीकडे. माझ्या वडिलांपासून असंच आहे."

"वडिलांच्या सायकलला डावीकडे डिस्क होती?"

"तू पदवी घेतलीस की वकिली?"

मी ताईला आतून बोलावलं. बँडेज बांधलेले हात पोटाशी धरून ती आली आणि स्टुलावर बसली. मी दाढेच्या ठशाची सायकल उलटी केली. गम कागदात धरून उपटला. तो लांब होत होत तुटला आणि माझ्या मनगटावर आला. लिव्हर सुटा झाला आणि आपल्याच वजनाने उघडत गेला. अर्ध्यावर थांबला नाही. थेट आतल्या बाजूला वळला आणि त्याचं टोक डिस्कच्या भोकाशी टेकलं.

मी चाक हळूच फिरवलं.

टक्.

चाक जागच्या जागी थांबलं. ताई स्टुलावरून उठली.

"पुन्हा कर."

टक्.

"हाच आवाज," ती म्हणाली. "पडायच्या आधी हाच आला होता. मला वाटलं दगड उडाला." मग बँडेजबाहेर आलेलं एक बोट तिने त्या टोकावर ठेवलं. "आणि मी काल रात्रभर स्वतःची बोटं तपासत होते, कुठलं दाबलं म्हणून."

"अगं, ते तात्पुरतं लावलं होतं," भावोजी म्हणाले. "मी करणारच होतो नीट."

"तोंडातलं आधी टाका," ताई म्हणाली.

त्यांनी सवयीने हात टेबलाखाली नेला.

"कचऱ्याच्या डब्यात!"

पुढचे आठही लिव्हर आम्ही उजवीकडे घेतले. तिकडे डिस्कच नाही, लिव्हर उघडला तरी अडकायला काही सापडणार नाही. मागच्या चाकांना उजवीकडे गिअरचा पसारा असतो म्हणून तिथले लिव्हर डावीकडेच ठेवले, पण प्रत्येक पूर्ण उघडून पाहिला. डिस्कपर्यंत एकही पोचत नव्हता. टोकं आठ दिशांना गेली आणि रांगेचं पार वाटोळं झालं. ताईला आवळता येत नव्हतं, म्हणून ती सांगत होती आणि मी आवळत होते. "तळहातावर ठसा उठेपर्यंत दाब. नाही उठला तर सैल आहे." ठसा उठायचा, आणि ठशाच्या खळग्यात काळं ग्रीस आणि कोणाच्या तरी तोंडातलं करडं काहीतरी. साबणाने तीनदा धुतलं तरी पुदिन्याचा वास गेला नाही.

रविवार आला तेव्हा ताईचे हात धरण्यापुरते भरले होते. "काउंटर तुम्ही सांभाळा," एवढंच ती भावोजींना म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा टाक्यांच्या खालून बांधला. तिच्या सायकलला नवं चाक बसवलं होतं, लिव्हर उजवीकडे. निघण्याआधी मी तिच्या चिमट्यावर, लिव्हरच्या टोकाला लागून, तो हलला तर कळावं म्हणून पेन्सिलने एक बारीक रेघ ओढली.

गट वर गेला. भावोजी दारात उभे राहून एका नव्या गिऱ्हाइकाला समजावत होते. "आमच्याकडे पुढचा लिव्हर उजवीकडेच असतो. इतर दुकानं बघा, डोळे झाकून डावीकडे. मी म्हटलं, नाही, आधी सुरक्षा." गिऱ्हाईक मान डोलावत होतं. भावोजींच्या तोंडात नवा गोळा होता. मी तिथून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

ताई सगळ्यांच्या पुढे खाली आली, मागे धुळीने माखलेली सहा माणसं. तिने सायकल माझ्यासमोर उभी केली. मी पट्टी काढून रेघेपासून लिव्हरच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं.

शून्य मिलिमीटर.