पहिलं बाळंतपण

भागाबाईंनी लेकीची पातळं ट्रंकेत कोंबली आणि झाकणावर गुडघा रोवून कडी लावली.

"माय, मी येत नाही म्हनलं ना," कमलिनी दारातूनच म्हणाली. सातवा महिना लागल्यापासून तिचे पाय सुजत होते.

"पयलं बाळंतपण मायेच्या घरी होते. लोकं काय म्हनतीन, भागाबाईले लेक जड झाली?"

भिलाईचं ते क्वार्टर इतकं नवं, की भिंतींचा चुना अजून हाताला लागे. जावई शामसुंदर पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क. त्याच्या ऑफिसात सध्या एकच चर्चा होती: दवापाण्याचा भत्ता रोख घ्यायचा, की भत्ता सोडून घरच्यांचा इलाज प्लांटच्या दवाखान्यात करायचा? एकदा सांगितलं की वर्षभर बदल नाही, आणि सांगायचं होतं उद्याच. नागपूरकडची झाडून सारी मंडळी भत्त्याच्या बाजूची. धडधाकट माणसानं दवाखाना मागून घ्यायचा म्हणजे दुखण्याला आवतणच की! भागाबाईंचंही तेच मत. शामसुंदर बिचारा सासू आणि बायको यांच्या कात्रीत सापडला होता.

"हिराताई कुठं होती?" कमलिनी एकदम बोलली. "मायेच्याच घरी होती ना?"

भागाबाईंचा हात कडीवरच राहिला. थोरली हिरा अडली तेव्हा डॉक्टर तालुक्याला होता. बैलगाडी निम्म्या वाटेवर असतानाच ती गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी काढत नसे, आणि या पोरीनं ते असं तोंडावर फेकावं! भागाबाईंना राग आला, रडूही आलं.

"मले भेव वाटते, माय."

शामसुंदरनं घसा खाकरला. "एकडाव दवाखाना पाहून तर घ्या. नाही पटला तर सकाळच्या गाडीनं न्या हिले. मी भत्ता सांगून देतो."

भागाबाई दवाखान्यात शिरल्या त्या नाकाला पदर लावूनच. फिनाइलचा वास त्यांच्या डोक्यातच गेला. बाळंतिणींच्या खोलीत केरळची एक नर्स चादरी बदलत होती. भागाबाईंनी तिला आपल्या हिंदीत गाठलं.

"रातकू बाई अडली, तो डाक्टरकू लाने कौन जाता?"

"लाने क्यों जाना, अम्मा? डॉक्टर इधरीच सोता है." नर्सनं शेजारचं दार दाखवलं.

भागाबाई तिथवर गेल्या. दार उघडंच होतं. आत एक खाट, मच्छरदाणी, खाटेखाली बाईमाणसाच्या चपला. बस, एवढंच. भिंतीपलीकडे डॉक्टर! त्यांनी चौकट धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. हिरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. कमलिनीनं पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे पुसले.

मग तरातरा परत आल्या आणि दाराजवळच्या पलंगाची गादी दाबून पाहू लागल्या.

"जावईबापू, हा पलंग नाही चालत. दारातला वारा बाळंतिणीले बाधते."

शामसुंदर पाहतच राहिला. "मंग... उद्या ऑफिसात काय सांगू?"

"काय सांगू म्हंजे?" भागाबाई खेकसल्या. "कोपऱ्यातला पायजे म्हना!"