रेकॉर्डवरचा परका 'र'

पिरोश्काने सुई उचलली आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाहान, हा 'र' माझा नाही."

मी तिचा गिटारवाला, मार्सेयच्या आर्मेनियन वस्तीतला. ती हंगेरीची, छप्पन्न सालच्या उठावाच्या धुमश्चक्रीत सरहद्द ओलांडून पॅरिसला आलेली. इथे 'क्लोद दारेल' या नावाने तिची दोन गाणी गाजली होती. तिचा 'र' जिभेच्या टोकावर खडखडायचा. शाळकरी पोरी मुद्दाम तस्साच 'र' काढून तिची गाणी म्हणायच्या. या तिसऱ्या गाण्यात मात्र 'र' घशातून येत होता, पॅरिसमध्येच जन्मलेल्या मुलीसारखा.

"अगं, मशीनवर सुधारला असेल."

"उच्चार मशीनवर सुधारतो होय? का तूही त्यांना सामील आहेस?"

मला ते लागलं. आम्हा वादकांची साथ आधी रेकॉर्ड व्हायची, गाणं नंतर. ती गायली तेव्हा मी तिथे नव्हतोच. पण हे तिला पटवून कसं देणार?

तिचा कोणावरच विश्वास उरला नाही. रेकॉर्ड कंपनीचे मालक मस्यू बारो आपल्याकडे बघून हसले ते का? स्टुडिओतल्या माणसाने दार का लोटून घेतलं? सगळ्यात जास्त संशय ओडेटवर. ओडेट तिच्यामागे कोरसमध्ये गायची, दोघी एकाच खोलीत राहायच्या. गाणं बाजारात आल्यापासून ओडेट नजर चुकवत होती, सकाळची कॉफीही न घेता निघून जायची.

रविवारी पिरोश्काने पाप्रिकाची लाल पूड घालून कोंबडी शिजवली. मलाही बोलावलं. जेवता जेवता ओडेटला म्हणाली, "ते नवं गाणं म्हण ना जरा."

"घसा बसलाय."

"रेकॉर्डवर तर छान लागलाय!"

ओडेटने काटा आपटला. "वा गं वा! माझा आवाज ढापलास आणि वर टोमणे मारतेस?"

"मी ढापला?"

"बारोच म्हणाले, तुझ्या जागी माझ्याकडून गाऊन घ्या असं तूच त्यांना सांगितलंस. तुला तुझ्या उच्चाराची लाज वाटते म्हणे. विषय काढला तर रडशील, म्हणून मी आपली गप्प!"

पिरोश्काचा तरीही विश्वास बसेना. हेही पढवलेलं नसेल कशावरून? ती म्हणाली, "गुरुवारी टीव्हीवर या रेकॉर्डवर मी नुसते ओठ हलवायचेत. खरं बोलत असशील तर माझ्या जागी उभी राहा."

"बारो मला हाकलतील गं."

"मग मला काय ठेवून घेणार आहेत?"

गुरुवारी गाणं सुरू झालं आणि पिरोश्काने ओठ घट्ट मिटून घेतले. मागे जाऊन तिने ओडेटला हाताला धरून पुढे आणलं. पहिल्या कडव्याला ओडेटने नुसते ओठ हलवले. पण दुसऱ्या कडव्याला ती खरोखरच गाऊ लागली. माइक बंद होता, तरी स्टुडिओत पुढच्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकांना कळलं. रेकॉर्डमधून आणि तिच्या तोंडून एकच आवाज येत होता.

बारोंनी दोघींना काढलं. पेपरात पिरोश्काला कृतघ्न परकी पोर म्हटलं गेलं. ओडेटला दुसऱ्या कंपनीने घेतलं. तिची रेकॉर्ड तिच्याच नावाने निघाली, बेताचीच चालली. पिरोश्का मला साथीला घेऊन उत्तरेकडच्या खाणगावांत पोलिश आणि इटालियन कामगारांपुढे गाऊ लागली. तीही स्वतःच्या नावाने, पिरोश्का सालाई. एका गावात पोस्टरवर आडनाव चुकीचं रंगवलं होतं. तिने डबा-ब्रश मागून घेतला आणि स्वतःच शिडीवर चढली.

"घट्ट धर रे," ती वरून ओरडली, "तुझा काही भरवसा नाही."

मी दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिलो.